खाट बदलताना कुलूप हवे

ठाकुरवाडीत लसीकरणाच्या दिवशी आशाताईंच्या हाती वहीसोबत मोबाइलही असतो. नोंद भरताना मध्येच फोन येतो, तरी अर्धवट नोंद जागेवर सापडते. पडद्याआड मात्र फोनच्या मेमरीतली माहिती जागा बदलत असते. कशासाठी? वॉर्डात रिकाम्या खाटा विखुरलेल्या असल्या आणि एका घरातले चौघे शेजारी ठेवायचे असले, की आधीचे रुग्ण हलवावे लागतात. फोनची मुख्य कार्यप्रणाली, म्हणजे ‘कर्नेल’, मेमरीची पाने अशीच हलवते. एक पान साधारण चार किलोबाइटचे.

धोका त्या हलवण्याच्या क्षणात असतो. रुग्ण बारा नंबरवरून वीसवर चालला आहे, बारावर दुसरा आला आहे आणि सिस्टर जुना कागद वाचून इंजेक्शन घेऊन निघाल्या. सुई भलत्यालाच टोचणार! प्रत्येकाचे काम बरोबर, वेळ तेवढी चुकली. यालाच ‘रेस कंडिशन’ म्हणतात. म्हणून कर्नेल पानाला कुलूप लावते, पत्त्याच्या जागी ‘हलवणे चालू, थांबा’ अशी खूण ठेवते, मजकूर उतरवते, नवा पत्ता लिहिते आणि मग कुलूप काढते. पान कुणी घट्ट धरलेले असेल तर हलवणे रद्द. ऑपरेशन टेबलावरच्या रुग्णाची खाट आपण बदलत नाही. कुलूप फार वेळ ठेवूनही चालत नाही. कर्जत-खोपोलीच्या एकेरी मार्गावर समोरची गाडी कशी खोळंबते, ते प्रवाशांना सांगायला नको.

लिनक्स कर्नेलमध्ये मेमरीच्या पानांबाबतची अशीच एक चूक २००७पासून दडली होती. २०१६मध्ये ती ‘डर्टी काऊ’ नावाने उघडकीस आली. अँड्रॉइड फोन याच कर्नेलवर चालतात.

आम्हा डॉक्टरांना आठवते ते थेरॅक-२५. कर्करोगावरच्या या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका-कॅनडात सहा जणांना प्रचंड जादा मात्रा दिली. किमान तिघे दगावले. टेक्सासमधील टायलर येथे १९८६मध्ये ऑपरेटरने चुकून क्ष-किरण निवडले आणि लगेच ते इलेक्ट्रॉन असे दुरुस्त केले. यंत्रातली चुंबके जुळायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्यात झालेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला कळली, दुसऱ्याला नाही. आधीच्या मॉडेलमध्येही ही चूक होती, पण तिथे स्वतंत्र अडसर होते; थेरॅक-२५मध्ये ती जबाबदारी प्रोग्रॅमवर सोडली होती. हा निर्णय मला आजही अक्षम्य वाटतो. पडद्यावर फक्त ‘मालफंक्शन ५४’ उमटले. रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञाने ऑपरेटरला सोबत घेऊन तीच बटणे पुन्हा पुन्हा दाबली. सावकाश दाबली की काहीच होत नसे. सरावाच्या वेगाने दाबल्यावरच चूक हाती लागली.