मेणाची कड

आमच्या मायक्रोस्कोपच्या खोलीत नेलपॉलिशची बाटली कायम असते. बिनरंगी आणि बाजारातली सगळ्यात स्वस्त. रसायनात टिकवलेल्या मृत पेशींची स्लाइड बंद करायला ती झकास. पण कुणी जिवंत पेशी घेऊन आलं, की मी आधी ती बाटली उचलून ड्रॉवरमध्ये टाकते.

स्लाइडवर द्रवाचा थेंब, त्यात पेशी, वर पातळ कव्हरस्लिप. ती 0.17 मिलिमीटर जाडीचीच घ्यायची, कारण बहुतेक चांगली भिंगं तेवढी काच मध्ये असणार असं धरूनच घडवलेली असतात. कडा उघड्या ठेवल्या तर थेंब सुकायला लागतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि पेशी आक्रसतात. काच सरकते ती वेगळीच, आणि फोकस हातचा जातो. तेव्हा कडा बंद करायच्याच. कशाने, एवढाच प्रश्न. नेलपॉलिशमध्ये इथाइल अ‍ॅसिटेट, ब्यूटाइल अ‍ॅसिटेट असली द्रावकं असतात. नाकात जातो तो वास त्यांचाच. पॉलिश वाळेपर्यंत ती थेंबातही उतरतात. पेशी सरळ मेल्या तर निदान कळतं. पण अर्धमेल्या पेशी हलतात, फुगतात, आकार बदलतात, आणि बघणारा ते सगळं वहीत निष्कर्ष म्हणून उतरवतो!

यावरचा उपाय जुनाच आहे, त्याला प्रयोगशाळेत व्हॅलॅप म्हणतात. व्हॅसलीन, लॅनोलिन आणि पॅराफिन मेण, तिन्ही वजनाने समसमान. मेणामुळे कड घट्ट होते, व्हॅसलीनमुळे ती तडकत नाही, आणि मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन तिला काचेला चिकटवून ठेवतं. हॉटप्लेटवर मंद वितळवून ढवळायचं. धूर निघाला तर आच जास्त झाली समजायचं. थंड झालेला पिवळसर गोळा झाकून ठेवला की पुढे कितीतरी दिवस पुरतो, लागेल तेव्हा पुन्हा पातळ करायचा.

लावायच्या आधी कडेचं पाणी टिश्यूपेपरने टिपून घ्यावं, ओल्या काचेला मेण धरत नाही. मग बारीक ब्रशने चारही कोपऱ्यांवर एकेक ठिपका, म्हणजे काच जागची हलत नाही. त्यानंतर कडा. ब्रश टेकला की मेण लगेच पांढुरकं होऊन थिजलं पाहिजे. पातळच राहून आत ओढलं जात असेल तर ते फार गरम आहे, आणि कडेच्या पेशी भाजणार.

नवशिके थेंबाचा हिशेब विसरतात. 22 मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली 10 मायक्रोलिटर द्रव पसरला, तर थर होतो जेमतेम 20 मायक्रोमीटरचा. यीस्टला तो ऐसपैस. पण माणसाची पेशी विभागताना गोल होते, तेव्हा तिचं डोकं छताला टेकतं. म्हणून काच ठेवण्याआधी तिच्या दोन बाजूंना सिरिंजने व्हॅसलीनची बारीक रेघ ओढायची. काच तिच्यावर टेकते, पेशींवर नाही.

कड चांगली बसली म्हणजे हवाही बंद झाली. आतला प्राणवायू पेशी वापरून टाकतात, आणि पेशी दाट असतील तर फार लवकर. म्हणून अशी स्लाइड मी तासा-दोन तासांच्या कामालाच देते. रात्रभर चित्रण करायचं असेल तर काचेच्या तळाची डिश घ्यावी, उबदार आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडच्या कोठीत ठेवलेली. स्लाइडवर मात्र हेपेस हे बफर घातलेलं माध्यम वापरावं. नेहमीच्या बायकार्बोनेटवाल्या माध्यमातला वायू टेबलावर उघडं असतानाच उडून जातो आणि ते अल्कधर्मी होतं. माध्यमातल्या फिनॉल रेड या दर्शकाचा लाल रंग जांभळट गुलाबी दिसायला लागला की ओळखावं.

आता माझी एक कुरकुर. मेणाचा बांध जाडजूड करू नका. तेलाचं भिंग काचेच्या अगदी अंगाशी येतं, कडेकडे सरकवलं की बांधाला घासतं आणि त्याच्या तोंडाला मेण माखतं. त्या एका भिंगाची किंमत काही लाखांत असते, आणि ते पुसायचं काम माझ्याकडे येतं. कडेजवळच्याच पेशी बघायच्या असतील तर सरळ दुसरी स्लाइड करा.