बालकांचे पेयपान आणि खेळकर पेयनळी : मुळशी तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा
मुलाने पेल्यातील दूध वा अन्य पेय पूर्ण प्यावे यासाठी वेटोळ्यांच्या, फिरत्या चक्राच्या किंवा स्वादाच्या गोळ्या भरलेल्या पेयनळ्या बाजारात आल्या आहेत. अशा नळीमागील भौतिक तत्त्व, तिचा इतिहास आणि बालमानसशास्त्रीय परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पिण्याच्या कृतीतील आनंद आणि पेला संपविल्याबद्दलचे बक्षीस या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली उपयुक्त ठरू शकते, दुसरी मुलाच्या तृप्तीच्या जाणिवेस बाधक ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पेयनळी, बालपोषण, प्रबलन, आंतरिक प्रेरणा, तृप्ती, मुळशी.

प्रस्तावना
पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्यालय पुण्याच्या पश्चिमेस मुळा नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. पूर्वेकडे पिरंगुट, भूगाव, बावधन असा वेगाने शहर बनलेला पट्टा, तर पश्चिमेकडे मुळशी धरणाच्या जलाशयाभोवतालच्या व ताम्हिणी परिसरातील डोंगरवाड्या, कातकरी वस्त्या आणि गवळी-धनगरांची घरे आहेत. एकाच तालुक्यात बालपोषणाचे दोन परस्परविरुद्ध प्रश्न येथे शेजारी शेजारी उभे राहतात. एका घरात मूल दुधाचा पेला अर्धा टाकून उठते म्हणून आई चिंताग्रस्त असते. दुसऱ्या घरात तो पेला भरण्याइतके दूधच नसते.

मुलाला खाऊपिऊ घालताना खेळाचा आधार घेणे महाराष्ट्राला नवे नाही. चिऊचा घास, काऊचा घास ही रीत घरोघरी आहे. तान्ह्या बाळाला दूध वा औषध पाजण्याचे चोच असलेले बोंडले जुन्या घरांतून आजही आढळते. पपईच्या पानाचा पोकळ देठ घेऊन पाण्यात बुडबुडे काढणे हा खेड्यातील मुलांचा जुना खेळ होय. बाजारातील खेळकर नळी हे याच प्रवृत्तीचे आधुनिक रूप आहे. म्हणून तिच्याकडे केवळ चैनीची वस्तू म्हणून न पाहता तिची चिकित्सा करणे उचित ठरते.

पेयनळीचा विकास
नळीने पेय पिण्याची प्रथा अतिप्राचीन आहे. मेसोपोटेमियातील मुद्रांवर लांब नळ्यांनी एकाच भांड्यातून मद्य पिणाऱ्या व्यक्ती कोरलेल्या आढळतात. ऊर येथील राणी पुआबीच्या थडग्यातही अशा मौल्यवान नळ्या सापडल्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत राय गवताच्या पोकळ काड्या वापरल्या जात, परंतु त्या पेयात भिजून विरत व पेयाला गवताचा वास लागे. यावर उपाय म्हणून वॉशिंग्टन येथील मार्विन स्टोन यांनी कागदाची पट्टी गुंडाळून नळी तयार केली व १८८८ मध्ये तिचे एकस्व मिळविले.

यापुढील टप्पा एका लहान मुलीच्या अडचणीतून घडला. सॅन फ्रान्सिस्को येथील एका दुकानात जोसेफ फ्रीडमन यांची लहानगी कन्या उंच पेल्यातील मिल्कशेक सरळ नळीने पिऊ शकत नव्हती. फ्रीडमन यांनी नळीत स्क्रू घालून त्याच्या आट्यांवर बाहेरून दोरा आवळला, तेव्हा नळीवर चुण्या पडल्या आणि ती वाकू लागली. या वाकणाऱ्या नळीचे एकस्व त्यांना १९३७ मध्ये मिळाले. तिचे पहिले मोठे ग्राहक ठरले ते रुग्णालय, कारण अंथरुणावर पडून राहिलेल्या रुग्णाला तीच नळी सोयीची होती. मुलासाठी केलेली सोय दुर्बलाच्याही उपयोगी पडली, ही बाब येथे लक्षणीय आहे.

पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत आतील बाजूस स्वादाची पट्टी असलेल्या नळ्या विकल्या गेल्या. दूध ओढताना ते त्या पट्टीवरून वाहत जाऊन चॉकलेट वा स्ट्रॉबेरीच्या चवीचे होई. २००० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील पीटर बॅरन यांच्या ‘सिपाह’ या नळीत स्वादाचे बारीक मणी भरलेले होते. दूध ओढले जाताना ते मणी विरघळत. साधे दूध नाकारणाऱ्या मुलाने ते प्यावे, हाच या दोन्ही कल्पनांचा रोख होता. भारतात १९८५ मध्ये ‘फ्रूटी’ हे आंब्याचे पेय कागदी वेष्टनात नळीसह आले आणि नळीने पिणे ही शहरी मुलांच्या नित्य परिचयाची गोष्ट झाली.

भौतिक तत्त्व
नळीतून आपण पेय ‘ओढतो’ असे म्हणतो, परंतु शास्त्रीयदृष्ट्या ते ढकलले जाते. तोंडातील हवेचा दाब कमी होताच पेल्यातील पेयाच्या पृष्ठभागावर पडणारा वायुदाब पेयाला नळीत वर चढवितो. पंधरा सेंटिमीटर उंचीसाठी लागणारा दाबातील फरक वायुदाबाच्या सुमारे दीड टक्का इतकाच असतो. लहान मूल ते सहज करू शकते.

वेटोळ्यांच्या नळीत पेय चढविण्याची उंची जवळजवळ तीच राहते, परंतु नळीची लांबी वाढते. आतील व्यास पाच मिलिमीटर धरल्यास वीस सेंटिमीटरच्या सरळ नळीत सुमारे चार मिलिलीटर पेय मावते, तर नव्वद सेंटिमीटरच्या वेटोळ्यांच्या नळीत सुमारे अठरा मिलिलीटर मावते. परिणामी पहिला घोट तोंडी लागण्यापूर्वी मुलाला काही काळ ओढत राहावे लागते. रंगीत पेय वळणावळणाने धावताना त्याला दिसते. मध्येच थांबल्यास बरेचसे पेय पेल्यात परत उतरते व काही वळणांत अडकते. साहजिकच मूल थांबण्याऐवजी ओढत राहते. अखेरीस तळाशी पेय संपत आले की हवा व पेय एकत्र ओढले जाऊन जो ‘सुर्र’ आवाज होतो, तो मुलाच्या लेखी पेला संपल्याची जणू पावतीच असते.

येथे आणखी एक नियम महत्त्वाचा ठरतो. फ्रेंच वैद्य पोआझय यांनी १८४० च्या सुमारास दाखवून दिल्याप्रमाणे संथ वाहणाऱ्या द्रवाला नळीचा विरोध तिच्या लांबीच्या व द्रवाच्या दाटपणाच्या प्रमाणात वाढतो, आणि व्यास निम्मा झाल्यास तो सोळा पट होतो. याचा पोषणाशी थेट संबंध आहे. मुळशीच्या डोंगरपट्ट्यात पिकणाऱ्या नाचणीची आंबील किंवा सत्त्व ही पोषक पेये दाट असतात, त्यामुळे वेटोळ्यांच्या अरुंद नळीतून ती चढत नाहीत. तिच्यातून सहज धावतात ती पातळ पेये, आणि बाजारात पातळ पेय म्हणजे बहुधा साखरेचे पाणी. अर्थात नळी तटस्थ नाही, पेल्यात काय असावे हे ती काही अंशी स्वतःच ठरविते. ताक, पातळ दूध वा नारळाचे पाणी हे मात्र या अडचणीतून सुटणारे उत्तम पर्याय आहेत.

मानसशास्त्रीय बाजू
कृतीनंतर तत्काळ सुखद परिणाम घडल्यास ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, हे स्किनर यांच्या प्रबलनविषयक विवेचनाचे सार आहे. फिरणारे चक्र वा धावणारा रंग हे असेच तत्काळ प्रबलन होय. तथापि त्याच्या दोन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा सरावाची. नावीन्य ओसरले की त्याचा प्रभावही ओसरतो. नळीच्या भरवशावर लागलेली सवय नळीबरोबरच जाण्याचा धोका असतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्र काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांपैकी काहींना आधी बक्षीस कबूल करून चित्रे काढावयास सांगितले. पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांचा चित्रे काढण्याकडील ओढा कमी झालेला आढळला. लिअन बर्च व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हेच तत्त्व पेयाच्या बाबतीत तपासले. अपरिचित आंबवलेल्या दुधाचे पेय प्यायल्याबद्दल ज्या मुलांना बक्षीस वा शाबासकी मिळाली, त्यांची त्या पेयाविषयीची आवड घटली. ‘हे प्यायलास तर ते मिळेल’ असे म्हणताच मूल असा निष्कर्ष काढते की, ज्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू चांगली नसणार.

बर्च व सहकाऱ्यांच्याच १९८७ मधील अभ्यासात काही मुलांचे लक्ष ताटात किती उरले याकडे वेधले गेले व ताट स्वच्छ केल्याबद्दल त्यांना बक्षीस मिळाले. इतरांना मात्र भूक व पोट भरल्याची जाणीव यांकडे लक्ष देण्यास शिकविले. आधी खाल्लेल्या पदार्थातील ऊर्जेनुसार पुढील खाणे कमीअधिक करण्याची क्षमता दुसऱ्या गटात दिसली, पहिल्या गटात ती दिसली नाही. ‘पेला संपव’ हा आग्रह प्रेमापोटी असतो यात शंका नाही, परंतु त्यातून मूल स्वतःच्या पोटाऐवजी पेल्याचा तळ प्रमाण मानू लागते.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. पिण्याच्या कृतीतच सामावलेला आनंद हा खेळ होय, तर संपविल्यावर दिलेले बक्षीस हा व्यवहार होय. महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या परंपरेने हा भेद पूर्वीच ओळखला होता. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे कार्य केले, त्यात स्नान, खाऊ व खेळ ही शिक्षणाचीच अंगे मानली गेली. मुलाला आमिष दाखविण्यापेक्षा कृतीच आनंददायी करण्यावर तेथे भर होता. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची विभागणीही याच्याशी जुळते : काय, केव्हा व कोठे द्यावयाचे हे पालकांनी ठरवावे, किती घ्यावयाचे हे मुलाने ठरवावे.

उपयोग, मर्यादा व पर्यावरण
काही मुलांसाठी नळी ही खेळाची नव्हे तर गरजेची वस्तू आहे. मेंदूच्या पक्षाघाताने हातांवर ताबा नसलेल्या मुलाला नळीमुळे स्वतः पिता येते. ओठ मिटण्याचा सराव व्हावा म्हणून वाचोपचारातही तिचा उपयोग केला जातो. अशा मुलांबाबत तज्ज्ञाचा सल्ला मात्र आवश्यक होय.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर निर्बंध आणले. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरावयाच्या प्लास्टिक नळ्यांवर बंदी आली. तेव्हापासून वेष्टनातील अनेक पेयांबरोबर कागदी नळी येते. घरगुती वापराची खेळकर नळी पुनःपुन्हा वापरण्याजोगी असावी लागते, आणि तेथे स्वच्छतेचा प्रश्न उभा राहतो. वेटोळ्यांत राहिलेला दुधाचा अंश दिसत नाही व त्यात जंतू वाढतात. बारीक ब्रश, गरम पाणी आणि भरपूर पाण्याने धुणे शक्य नसेल, तर साधा पेला हाच अधिक सुरक्षित पर्याय होय. डोंगरवाडीतील ज्या घरी पाणी दुरून आणावे लागते, तेथे हा विचार टाळता येणार नाही. धातूची कडक नळी तोंडात धरून मुलाने धावू नये, हेही पालकांना सांगणे आवश्यक आहे.

पेल्यातील पदार्थाविषयीही सजगता हवी. मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे. गोड पेय नळीने अधिक प्यायले गेले, तर नळीचे यश हेच पोषणाचे अपयश ठरेल.

शैक्षणिक उपयोजन
पुण्यातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कार्य केलेल्या अरविंद गुप्ता यांनी नळीपासून पुंगी, पाणी उडविणारे कारंजे अशी अनेक विज्ञान-खेळणी लोकप्रिय केली. त्याच धर्तीवर अध्यापक महाविद्यालये, गृहविज्ञान विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांना एक साधा उपक्रम घेता येईल. समान व्यासाच्या आखूड व लांब पारदर्शक नळ्यांतून पाणी, ताक व आंबील चढवून त्यांना लागणारा वेळ विद्यार्थ्यांनी नोंदवावा. अंगणवाडी सेविकांशी चर्चा करताना ‘संपविले का?’ या प्रश्नाऐवजी ‘पोट भरले का?’ हा प्रश्न रूढ करण्याचा प्रयत्न करावा. नकोसे वाटणारे नवे पेय सक्ती न करता आठ-दहा वेळा थोडे थोडे समोर ठेवल्यास मूल ते स्वीकारण्याची शक्यता वाढते, हेही पालकांपर्यंत पोहोचवावे.

समारोप
खेळकर पेयनळी हा बालपोषणाच्या प्रश्नावरील उपाय नव्हे. तो प्रश्न पेल्यात काय आहे व तो पेला भरतो का, याच्याशी निगडित आहे. पौडच्या पूर्वेकडील घरांत नळीने गरजेपेक्षा अधिक पाजले जाऊ नये आणि पश्चिमेकडील वाड्यांत पेला रिकामा राहू नये, ही दोन उद्दिष्टे एकाच वेळी ध्यानात ठेवावी लागतात. नळीचा स्वीकार करताना पिण्यातील आनंद राखावा, संपविण्याचे बक्षीस टाळावे आणि ‘पुरे’ म्हणण्याचा मुलाचा अधिकार मान्य करावा. ज्या मुलाला ‘पुरे’ म्हणता येते, तेच पुढे ‘आणखी हवे’ असेही निःसंकोचपणे सांगू शकते. पोषणाच्या कार्यात हे दुसरे वाक्य ऐकू येणे अधिक महत्त्वाचे आहे.