माळावर आधी गवत

चिखलीच्या आसपास मुरमाड, उतरते माळ आहेत. अतिचराईने गवत गेलं की पावसाचा थेंब थेट मातीवर आदळतो आणि वरचा सुपीक थर ओढ्याला लागतो. तिबेटच्या पठारावर हेच काम वारा करतो आणि कुरणांची वाळू होते. तिथे आधी काडाचे चौकोन रोवून वाळू थोपवतात, मग गवत-झुडपं लावतात.

आपल्याकडे काडाच्या जागी समतल चर. मृगाच्या तोंडावर चरालगत पवन्या, शेडा या गवतांचं बी शेणमातीत कालवून टाकावं, मारवेलचे ठोंब लावावेत. कुसळी तर स्वतःच पेरते: तिच्या बियांचं पिळदार शेपूट ओल लागली की फिरतं आणि बी मातीत घुसवतं!

गवताची तंतुमुळं मरतात, कुजतात, त्यातून सेंद्रिय कर्ब वाढतो. आधी वरच्या थरात, खाली फार सावकाश. म्हणून निदान पहिले दोन पावसाळे गुरं सोडू नयेत, गवत कापून न्यावं. आणि कृपा करून माळावर सरसकट झाडांचे खड्डे खणू नयेत. काळवीट, चंडोल यांना उघडा माळच लागतो.