विश्लेषण : वुहानमधल्या ६० रात्री... बंद शहरातली डायरी लाखो वाचकांना जवळची का वाटली?

करोनाची साथ जिथे प्रथम पसरली, त्या चीनमधील वुहान शहरात २०२० च्या सुरुवातीला एक लेखिका रोज रात्री डायरी लिहीत होती. घरात अडकलेले लाखो चिनी वाचक ती नोंद वाचूनच झोपायला जात. नंतर हीच डायरी मोठ्या वादाचा विषय ठरली. ती कोणी लिहिली, तीत काय होते आणि वाद का झाला?

डायरी कोणी लिहिली?

फांग फांग हे लेखिकेचे टोपणनाव. १९५५ मध्ये जन्मलेल्या फांग फांग हुबेई प्रांताच्या लेखक संघटनेच्या माजी अध्यक्ष असून, २०१० मध्ये त्यांना चीनचा मानाचा लू शुन साहित्य पुरस्कार मिळाला. सुमारे १ कोटी १० लाख लोकसंख्येचे वुहान २३ जानेवारी २०२० रोजी बंद झाले. दोन दिवसांनी, २५ जानेवारीला त्यांनी समाजमाध्यमावर पहिली नोंद टाकली. अशा एकूण ६० नोंदी झाल्या.

डायरीत काय आहे?

बहुतांश मजकूर साधा, घरगुती आहे. आजचे हवामान, मास्कचा तुटवडा, शेजाऱ्यांनी मिळून मागवलेला भाजीपाला, म्हाताऱ्या कुत्र्याचे संपलेले खाणे. पण त्याच ओघात ओळखीच्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. साथीबाबत सहकाऱ्यांना सावध केल्याबद्दल समज मिळालेले नेत्रतज्ज्ञ डॉ. ली वेनलियांग ७ फेब्रुवारीला करोनानेच गेले, तेव्हाचा शहराचा शोक आणि संतापही तीत आहे. सुरुवातीला माहिती का दडवली, जबाबदार कोण, हा प्रश्न त्या पुन्हा पुन्हा विचारतात.

वाचक कसे जोडले गेले?

अधिकृत आकडेवारीत रुग्ण आणि मृतांची संख्या होती. त्या आकड्यांमागची माणसे डायरीत भेटत होती. आपल्यालाही हीच भीती, हाच राग, हाच कंटाळा आहे, हे वाचकांना कळत होते. अनेक नोंदी काही तासांत हटवल्या जात. त्यांचे खाते काही काळ बंदही झाले. तेव्हा दुसऱ्या एका लेखिकेने आपल्या वीचॅट खात्यावरून नोंदी प्रसिद्ध केल्या आणि वाचकांनी त्या जपून एकमेकांना पाठवल्या. नोंद पुढे पाठवणे, हीच एकमेकांची विचारपूस झाली.

वाद का झाला?

स्मशानात मालक उरले नाहीत अशा मोबाइल फोनची रास पडल्याचे छायाचित्र एका डॉक्टर मित्राने पाठवले, असे त्यांनी एका नोंदीत लिहिले होते. त्याचा पुरावा कुठे, असे टीकाकारांनी विचारले. घरात बसून ऐकीव माहिती लिहिली, असाही आक्षेप होता. एप्रिलमध्ये डायरी परदेशात पुस्तकरूपाने येणार असल्याचे जाहीर होताच टीका तीव्र झाली. चीनला दोष देणाऱ्यांच्या हाती त्यांनी आयते हत्यार दिले, असे म्हटले गेले. इंग्रजी अनुवादक मायकेल बेरी यांनाही धमक्या आल्या. फांग फांग यांचे म्हणणे असे, की ही केवळ एका व्यक्तीची नोंदवही आहे.

ऐकीव माहितीचा आक्षेप पूर्णपणे खोडता येत नाही. पण बंद शहरात घरी बसलेल्या माणसाला फोनवरून कळेल तेवढेच कळते, आणि ही डायरी त्या अवस्थेचीच नोंद आहे.

आपल्याशी संबंध काय?

डायरीची शेवटची नोंद २४ मार्च २०२० ची आहे. त्याच दिवशी रात्री ८ वाजता भारतात देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली. फांग फांग यांनी लिहिणे थांबवले, तेव्हा आपले दरवाजे बंद होत होते. म्हणूनच भाजीची जुळवाजुळव, फोनवरून कळलेला मृत्यू आणि अंत्यदर्शनही न मिळाल्याची बोच, हे सारे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. साथीचा इतिहास नंतर सविस्तर लिहिला जातो. उद्या काय होणार हे ठाऊक नसताना माणसाला काय वाटत होते, ते मात्र त्याच रात्री लिहिलेल्या अशा नोंदींतच सापडते.