डिझेलचा रुपया जातो कुठे?



उसाच्या नोंदीच्या निमित्ताने मावळातील गावोगावी आम्हांस जावे लागते. सभा उसाची असते, पण बोलणे फिरून फिरून डिझेलवर येते. पवनाकाठच्या एका गावी असेच झाले. बेणे, लागण, खताचा हप्ता हे विषय बाजूला राहिले आणि मागे बसलेले एक वयस्क सभासद उठून म्हणाले, "जगात तेल महागलं की दुसऱ्या दिवशी आमच्याकडं महागतं. स्वस्त झालं की मात्र आमच्याकडं काहीच व्हत न्हाई. ही काय भानगड हाय, ते एकदा पत्रकात नीट लिवा."

प्रश्न रास्त आहे. लोकांचा राग बहुधा पंपावरच्या पोरावर निघतो, नाहीतर ट्रॅक्टरवाल्यावर. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! म्हणून हा हिशेब जसा आहे तसा मांडावा, असे आम्ही ठरविले. आम्ही कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाही. आकडे कळले म्हणजे कोणास काय विचारावयाचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

एका लिटरची फोड

सन २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात डिझेलचा भाव लिटरला साधारण ९० रुपयांच्या आसपास होता. हिशेबाला सोपे म्हणून आपण ९० हाच आकडा धरू. एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारचे उत्पादन शुल्क डिझेलवर लिटरला १७ रुपये ८० पैसे झाले. राज्य सरकारचा मूल्यवर्धित कर, ज्याला आपण व्हॅट म्हणतो, तो मुंबईबाहेरील महाराष्ट्रात २१ टक्के होता. जुलै २०२४ पासून मुंबई-ठाण्यालाही तोच दर लागू झाला. ९० रुपयांत हा कर साडेपंधरा रुपयांच्या घरात जातो. पंपवाल्याचे कमिशन तीन रुपयांच्या आसपास. उरले ५३-५४ रुपये. त्यात कच्चे तेल, त्याची शुद्धी, वाहतूक आणि तेल कंपनीचा नफा हे सगळे आले.

म्हणजे ९० रुपयांत दोन्ही सरकारांचे मिळून ३३ रुपये होतात. ढोबळ मानाने, तीन लिटर डिझेल भरले तर त्यातल्या एका लिटराहून जास्तीचे पैसे करात जातात.

यात एक मेख आहे. व्हॅट हा नुसत्या तेलावर नाही, तर तेल, केंद्राचे शुल्क आणि कमिशन यांच्या बेरजेवर लागतो. म्हणजे करावर कर! तेल महागले की राज्याचा कर न वाढविताही आपोआप वाढतो. आणि केंद्राने शुल्क वाढवून ते भावात उतरविले, तरी राज्याच्या तिजोरीत भर पडते. म्हणून एक सरकार दुसऱ्याकडे बोट दाखविते तेव्हा दोघांचेही थोडे थोडे खरे असते.

मालावरचा बाकीचा कर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराखाली, म्हणजे जीएसटीखाली आला. पेट्रोल आणि डिझेल मात्र बाहेर राहिले. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत हा विषय निघाला होता, पण एवढे हुकमी उत्पन्न हातचे सोडण्यास केंद्र आणि राज्ये दोघेही तयार झाले नाहीत.

तेल उतरले तेव्हा काय झाले?

आता त्या सभासदांच्या मूळ प्रश्नाकडे वळू.

पूर्वी तेलाचे भाव सरकार ठरवीत असे आणि तोटा तेल कंपन्यांच्या माथी बसे. तो भरून काढण्यास सरकारने कंपन्यांना रोखे दिले. म्हणजे आजची उधारी उद्याच्या पिढीवर. जून २०१० मध्ये पेट्रोलचा आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव बाजारावर सोडण्यात आला. जून २०१७ पासून भाव रोज बदलण्याची पद्धत सुरू झाली.

बाजारावर सोडले म्हणजे जगात उतरले की इथेही उतरावयास हवे. जून २०१४ मध्ये कच्चे तेल पिंपाला ११० डॉलरच्या वर होते, ते जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्याही खाली आले. पण नेमक्या त्याच काळात, नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६, केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढविले. डिझेलवरचे शुल्क साडेतीन रुपयांच्या आसपास होते, ते १७ रुपयांच्या वर गेले. तेलाने खाली सोडलेली जागा कराने भरून काढली.

पुढे कोरोनाच्या साथीत तसेच झाले. एप्रिल २०२० मध्ये जगात तेलाला गिऱ्हाईक उरले नव्हते आणि भाव पिंपाला २० डॉलरच्या आसपास आला होता. मे २०२० मध्ये डिझेलवरचे शुल्क एकदम १३ रुपयांनी वाढून ३१ रुपये ८३ पैसे झाले. त्या दिवशी पंपावरचा भाव हलला नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. लक्षात आले ते नंतर, जग पुन्हा चालू झाले आणि तेल चढू लागले तेव्हा. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपये आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये शुल्क कमी झाले. जुलै २०२२ मध्ये राज्यानेही डिझेलवर ३ रुपयांची सूट दिली.

तात्पर्य, चढताना भाव लिफ्टने चढतो आणि उतरताना जिन्याने उतरतो, असे जे आपल्याला वाटते ते भ्रम नव्हे.

राज्याच्या वाट्याला किती?

सन २०२५ मध्ये केंद्राच्या १७ रुपये ८० पैशांत मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ८० पैसे होते. बाकीचे १६ रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते उपकर आणि कृषी पायाभूत उपकर या नावांनी घेतले जात होते. वित्त आयोगाच्या सूत्राप्रमाणे राज्यांना ४१ टक्के वाटा मिळतो, पण तो फक्त मूळ शुल्कातून. म्हणजे लिटरमागे सुमारे ७४ पैसे, तेही देशातल्या सगळ्या राज्यांत वाटून. साहजिकच राज्य म्हणते, "आमचा हात व्हॅटवरच चालणार." दोघांच्या ओढाताणीत डिझेल भरणारा सापडतो.

आपल्या टनाचा हिशेब

हे सगळे झाले दिल्ली-मुंबईचे. आता आपल्या बांधावर येऊ.

समजा, शेतापासून गव्हाणीपर्यंत अंतर ३० किलोमीटर आहे. जाऊन येऊन ६० किलोमीटर. ट्रक लिटरला ४ किलोमीटर पळतो असे धरले, तर एका खेपेला १५ लिटर डिझेल लागते. ट्रकमध्ये ऊस १५ टन. म्हणजे टनाला एक लिटर. हिशेब लक्षात ठेवण्यास सोपा आहे: डिझेल रुपयाने वाढले की टनाला रुपया वाढला. १० रुपयांनी वाढले आणि एकरी ४० टन ऊस निघाला, तर नुसत्या वाहतुकीत एकरी ४०० रुपये गेले. नांगरट, रोटर, सरी यांना मिळून एकरी २५ लिटर धरले, तर आणखी २५० रुपये. झाले साडेसहाशे.

उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरविते. सन २०२४-२५ च्या हंगामास तो सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलला ३४० रुपये होता. पण महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च या दरातूनच वजा होतो. दर ठरला तो ठरला. मध्यंतरी डिझेल वाढले म्हणून हंगामात तो वाढत नाही. वाढलेली वाहतूक मात्र बिलातून कापली जाते. ट्रकवाला आपली वाढ मागून घेतो, आणि ती त्याला द्यावीच लागते, त्याच्याही पोटाचा प्रश्न आहे. शेवटी भार कोणावर? ज्याला आपला भाव पुढे सरकविता येत नाही त्याच्यावर, म्हणजे ऊस उत्पादकावर.

कारखान्याचेही हात बांधलेले असतात. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे कित्येक हंगाम तो तसाच राहिला. त्याच काळात एफआरपी २७५ वरून ३४० वर गेली.

लोणावळ्याच्या बाजूस राहणाऱ्यांना तर घाटाचा हिशेब वेगळा सांगावयास नको. मुंबई बंदरातून येणारा खताचा, लोखंडाचा ट्रक खोपोलीहून सुमारे दोन हजार फूट चढून वर येतो. ते चढणे डिझेलवरच असते. चिक्कीच्या डब्यापासून भाताच्या पोत्यापर्यंत सगळ्यांच्या किमतीत ते मिसळते.

पैसा घ्या, पण दाखवा

आता खर्चाची बाजू. कर नकोच, असे शहाणा माणूस म्हणणार नाही. रस्ते, धरणे, शाळा, साथीत फुकट दिलेले धान्य हे सगळे करातूनच होते. आडात नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? केंद्राचे पेट्रोल-डिझेल व इतर तेलांवरील उत्पादन शुल्काचे उत्पन्न २०१४-१५ मध्ये सुमारे ९९ हजार कोटी होते, ते २०२०-२१ मध्ये ३ लाख ७० हजार कोटींच्या वर गेले. लोकांचा प्रश्न एवढाच की, यातले आमच्या गावात काय आले?

याच महाराष्ट्राने एक चांगला धडा घालून दिला आहे. सन १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून पैसे कापले गेले, पण त्या पैशाचे पाझर तलाव आणि नाला बांध लोकांना डोळ्यांनी दिसत होते. म्हणून तो कर पचला. याउलट ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळाच्या नावाने पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये बसविण्यात आले. पुढे २०१७ मध्ये पेट्रोलवरचा अधिभार आणखी ३ रुपयांनी वाढला. दुष्काळाच्या नावाने घेतलेला रुपया कोणत्या गावच्या टाकीत पडला, हे साध्या माणसास कळण्याची सोय नव्हती. चीड आली ती त्याची.

रस्त्याचेही तसेच. डिझेलमध्ये रस्ते उपकर द्यावयाचा, गाडी घेताना वाहन कर द्यावयाचा, आणि शिवाय टोल. द्रुतगती मार्गाचा मोटारीचा टोल एप्रिल २०२३ मध्ये २७० वरून ३२० रुपये झाला. जुन्या महामार्गावर वरसोली आणि सोमाटणे हे दोन नाके. दोन नाक्यांत ६० किलोमीटर अंतर असावे असा राष्ट्रीय महामार्गांचा २००८ चा नियम आहे, मग आमच्याच तालुक्यात दोन कसे, असे विचारीत २०२३ मध्ये तळेगावकर रस्त्यावर उतरले. ते काही पन्नास रुपयांसाठी उतरले नव्हते. एकाच रस्त्याचे पैसे किती वेळा द्यावयाचे, याचे उत्तर त्यांना हवे होते.

आणि न विचारता केलेल्या खर्चाची किंमत मावळाइतकी कोणास ठाऊक? पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले, त्यांत एक भगिनी होती. खर्चाचा निर्णय आधी आणि लोकांशी बोलणे नंतर, असे झाले की काय होते, ते आपण पाहिले आहे.

मग करावयाचे काय?

नुसत्या शिव्या देऊन डिझेल उतरत नाही. आम्हांस तीन गोष्टी सुचतात.

पहिली, निवडून दिलेल्या प्रतिनिधीस मोघम नव्हे, नेमका प्रश्न विचारा. "महागाई का?" याला भाषण मिळते. "डिझेलवरच्या कृषी उपकराचे ४ रुपये मावळात कोणत्या कामास लागले?" याला आकडा द्यावा लागतो. उपकर ज्या नावाने घेतला त्या कामाचा तालुकावार हिशेब छापावा, ही मागणी कोणत्याही पक्षास नाकारता येणार नाही.

दुसरी, एफआरपी ठरविताना वाहतूक खर्चाची वाढ धरली जावी आणि हंगामात डिझेल ठराविक मर्यादेपलीकडे गेले तर त्याची भरपाई असावी, असा ठराव वार्षिक सभेत आणता येईल.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. सरकारला हिशेब विचारणाऱ्याने आपला हिशेब उघडा ठेवावा. जे प्रश्न आपण दिल्लीस विचारतो, तेच कारखान्यास विचारा. वाहतुकीची सरासरी कशी काढली? लांबचा ऊस आणताना जवळच्या सभासदावर किती भार पडला? कारखान्याच्या मोटारींना वर्षात किती तेल लागले? वजनकाट्यापुढे ट्रक सहा-सहा तास उभे का राहतात? त्या रांगेत इंजिन चालू ठेवून जळणारे डिझेल कोणत्याही सरकारने लावलेले नाही, ते आपलेच आहे. तोडणीचा कार्यक्रम गटवार आणि वेळेवर पाळला, तर टनामागे काही रुपये आपल्याच हाती वाचतात.

त्या गावच्या सभासदांना आमचे उत्तर हे असे. जगातल्या तेलाचा भाव आपल्या हाती नाही. कराचा दर मताने बदलतो, पण त्याला वेळ लागतो. खर्चाचा हिशेब मागणे मात्र आजपासून आपल्या हाती आहे, सरकारचाही आणि कारखान्याचाही. येत्या वार्षिक सभेस अहवालातील तोडणी-वाहतुकीचे पान आधी वाचून या. तुम्ही विचाराल, तेव्हाच आम्हीही नीट लिहू.