सातारा व सांगली जिल्ह्यांतील दिव्यांग विद्यार्थ्यांच्या कुटुंबांसाठी साहाय्य

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या कुटुंबांसाठी साहाय्य म्हणजे दिव्यांग मुलाचे निदान, शिक्षण, उपचार, प्रवास व पुढील आयुष्याची तरतूद यांसाठी कुटुंबाला मिळणाऱ्या कायदेशीर हक्कांची, योजनांची व सेवांची व्यवस्था. महाराष्ट्रातील सातारा व सांगली या शेजारच्या जिल्ह्यांत ही व्यवस्था आरोग्य, शिक्षण, महसूल आणि दिव्यांग कल्याण या विभागांत विभागलेली आहे. मूल जसे मोठे होते तसे संबंधित कार्यालय बदलते आणि या कार्यालयांना जोडणारा दुवा बहुतेक वेळा पालकच असतात.

== पार्श्वभूमी ==

सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ रोजी 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ व सांगलीची २८,२२,१४३ होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली.

दोन्ही जिल्ह्यांचा भूगोल साहाय्याच्या उपलब्धतेवर परिणाम करतो. पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वर व शिराळा हे डोंगराळ तालुके आहेत, तर पूर्वेला माण, खटाव, आटपाडी व जत हे अवर्षणप्रवण तालुके आहेत. मोठी रुग्णालये मात्र सातारा, कऱ्हाड, सांगली व मिरज या शहरांत एकवटली आहेत. म्हसवडहून सातारा आणि जतहून सांगली सुमारे ८० ते ९० किलोमीटर अंतरावर आहे. एका तपासणीसाठी मुलाला घेऊन जाणे म्हणजे पालकांचा पूर्ण दिवस व त्या दिवसाची मजुरी जाणे होय.

== कायदेशीर आधार ==

'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' हा या व्यवस्थेचा मुख्य आधार आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून त्यांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया व सिकलसेल यांचाही समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास ते 'लक्षणीय दिव्यांगत्व' मानले जाते.

* कलम १६ नुसार शासकीय, अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत सुगम करणे आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवणे अपेक्षित आहे. दिव्यांग मुलांच्या वाहतुकीची सोय, तसेच अधिक आधाराची गरज असलेल्या मुलाच्या मदतनिसाची वाहतूक यांचाही उल्लेख या कलमात आहे.
* कलम ३१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यातील मोफत शिक्षणाची मर्यादा १४ वर्षे आहे. येथे ती चार वर्षांनी वाढते.
* शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी गृहाधारित शिक्षणाचा पर्याय निवडता येतो.

== निदान व प्रमाणपत्र ==

बहुतेक कुटुंबांचा या व्यवस्थेशी पहिला संबंध अंगणवाडीत येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळकरी मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. या कार्यक्रमाचा देशपातळीवरील प्रारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मजात व्यंग, श्रवणदोष किंवा विकासातील विलंब आढळल्यास बालकाला पुढील उपचारासाठी पाठवले जाते. कर्णबधिर बालकाच्या बाबतीत ही वेळ विशेष महत्त्वाची असते, कारण भाषा आत्मसात करण्याचा मुख्य काळ पहिल्या काही वर्षांचाच असतो.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी 'स्वावलंबन' या केंद्रीय संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी करावी लागते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय, तर सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय ही प्रमुख शासकीय रुग्णालये आहेत. तपासणीनंतर प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र मिळते. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्वासाठी ओळखपत्रावर पांढरा पट्टा, ४० ते ७९ टक्क्यांसाठी पिवळा आणि ८० टक्के व त्यापुढे निळा पट्टा असतो.

विशिष्ट अध्ययन अक्षमतेसाठी स्वतंत्र नियम आहेत. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत हे प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाच देण्याची आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करण्याची तरतूद होती. त्यामुळे पहिली-दुसरीत वाचनात अडखळणाऱ्या मुलाचा आधार शिक्षकाच्या निरीक्षणावरच अवलंबून राहतो.

== शालेय साहाय्य ==

२०१८ पासून समग्र शिक्षा योजनेअंतर्गत सर्वसाधारण शाळांतील दिव्यांग विद्यार्थ्यांना साहाय्य दिले जाते. प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आणि दिव्यांग मुलींसाठी दरमहा २०० रुपये याप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता ही या योजनेची मूळ रचना आहे. तालुका पातळीवर गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक व तज्ज्ञ शाळांना भेटी देतात आणि गृहाधारित शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या पालकांना मार्गदर्शन करतात.

अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग व बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळा मुख्यतः स्वयंसेवी संस्था शासकीय अनुदानावर चालवतात. त्यांचे जिल्हास्तरीय नियंत्रण परंपरेने जिल्हा परिषदेच्या समाज कल्याण विभागाकडे राहिले आहे. २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुणे येथे आहे.

सातारा, सांगली व कोल्हापूर हे जिल्हे राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र विद्यार्थ्यांना लेखनिक व वाढीव वेळ यांसारख्या सवलती मिळतात. त्यांसाठी शाळेमार्फत परीक्षेपूर्वीच प्रस्ताव सादर करावा लागतो. प्रमाणपत्र उशिरा मिळाल्यास ही सवलत हुकण्याचा धोका असतो.

== आर्थिक साहाय्य ==

* '''शिष्यवृत्ती :''' शालांत परीक्षापूर्व शिष्यवृत्ती राज्य शासनातर्फे दिली जाते. केंद्र शासनाची नववी-दहावीसाठीची व पुढील शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून मिळते; तिच्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे.
* '''निर्वाह साहाय्य :''' संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. तिच्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व व उत्पन्नाची अट आहे.
* '''प्रवास :''' दिव्यांग प्रवाशांना एसटी भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते.
* '''स्थानिक निधी :''' ग्रामपंचायत, नगरपालिका व जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवणे अपेक्षित आहे. या खर्चाची माहिती ग्रामसभेत विचारता येते.
* '''आरोग्य विमा :''' स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते.

== अठरा वर्षांनंतर ==

मोफत शालेय शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षी संपतो. त्याच वेळी आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्वही कायद्याने संपुष्टात येते. ही बाब अनेक कुटुंबांना बँकेतील खाते किंवा मालमत्तेचा व्यवहार अडल्यावरच कळते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार वरील चार प्रकारच्या दिव्यांगत्वांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालकाची नियुक्ती करते. पालक हयात असतानाच ही नियुक्ती झाल्यास पुढील काळजीची तरतूद करणे सुकर होते.

उच्च शिक्षण देणाऱ्या शासकीय व अनुदानित संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट मिळते. मिरज येथे शासनाचे निवासी प्रौढ दिव्यांग प्रशिक्षण केंद्र असून तेथे व्यवसाय प्रशिक्षण दिले जाते.

== अडचणी ==

जवळपास प्रत्येक लाभ प्रमाणपत्राशी जोडलेला असल्याने ते मिळण्यातील विलंब पुढील सर्व टप्प्यांवर परिणाम करतो. ऊसतोडीसाठी किंवा मेंढपाळीसाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले शाळेच्या तपासणीच्या दिवशी गावात नसण्याची शक्यता असते. जत तालुक्यात कन्नड भाषक कुटुंबे व कन्नड माध्यमाच्या शाळा असल्याने वाचा-उपचार व समुपदेशनात मुलाच्या घरच्या भाषेचा प्रश्नही उद्भवतो. नियमित भौतिकोपचारासाठी मुलाला नेण्याचा भार बहुधा आईवर पडतो आणि तिचा रोजगार खंडित होतो. या श्रमाची भरपाई करणारी तरतूद वरील योजनांत फारशी आढळत नाही.

== हेही पहा ==

* दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
* समग्र शिक्षा
* राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम
* सातारा जिल्हा
* सांगली जिल्हा