पडद्यावरची पोरं (भाग ७) : रीच्या दारावर आलेली जप्ती

गेल्या आठवड्यात 'फँड्री'तल्या जब्याने भिरकावलेल्या दगडापाशी आपण थांबलो होतो. आज जायचंय अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या ओझार्क डोंगरात. थंडीने उघडीबोडकी झालेली झाडं, अंगणात गंजत पडलेल्या गाड्या आणि लाकडं फोडणारी १७ वर्षांची री डॉली. आई मनाने आजारी, गप्प बसून असते. दोन धाकटी भावंडं रीच्याच हातावर वाढताहेत. बाप जेसप बेपत्ता. डेब्रा ग्रॅनिक यांचा हा 'विंटर्स बोन' (२०१०) डॅनियल वुड्रेल यांच्या कादंबरीवर बेतलेला आहे. रीची भूमिका जेनिफर लॉरेन्सची.

शेरीफ दारात येतो तेव्हा कळतं, की जेसप जामिनावर सुटलाय आणि जामिनापोटी त्याने घर आणि जंगलाची जमीन लिहून दिलीय. तारखेला तो हजर झाला नाही, तर सगळं जाणार.

हा जामीन नीट समजून घेतला नाही, तर सिनेमा अर्धाच कळतो. आपल्याकडे जामीनदार म्हणून उभा राहतो तो बहुधा नात्यातला, ओळखीचा माणूस. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत मात्र तो रीतसर धंदा आहे. न्यायालयाला रकमेची हमी एजंट देतो, त्याची फी घेतो आणि गरज पडली तर मालमत्ता तारण ठेवून घेतो. आरोपी फिरकला नाही, की वसुली त्या तारणातून. म्हणजे गुन्हा बापाचा आणि जप्ती पोरांच्या डोक्यावरच्या छपरावर.

गुन्हा कसला? मेथ. सर्दीच्या गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनपासून घरच्या घरी तयार होणारी नशा. तिथे मेथ 'बनवत' नाहीत, 'शिजवतात'. अमेरिकेने २००६ साली कायदा करून या गोळ्या दुकानाच्या उघड्या फळीवरून काउंटरमागे नेल्या, कारण मिसुरीसारख्या राज्यांत गावोगाव अशा चुली पेटल्या होत्या. सिनेमात मेथ शिजवताना कुणीच दिसत नाही. दिसतं ते एक जळून गेलेलं घर आणि त्याबद्दल सगळ्यांचं मौन.

री दारोदार फिरते. ही सगळी दारं भाऊबंदांची आहेत. आपलं रक्त एकच आहे ना, असं ती कळवळून विचारते, आणि तेच रक्त तिच्यावर दार लावून घेतं. बापाने पोलिसांकडे तोंड उघडलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पंचक्रोशीच्या कारभाऱ्याकडे, थंप मिल्टनकडे, ती पोचते तेव्हा उंबरठ्यावर त्याची बायको मेरॅब उभी. हे काम करायला तुझ्या घरात कुणी पुरुष नाही का, असं ती विचारते. री दुसऱ्यांदा गेली, तेव्हा तिला दात पडेपर्यंत मारलं जातं. मारणाऱ्या बायकाच. पुरुषाने तिला हात लावला नाही, हे मेरॅब आवर्जून सांगते. पुरुषांची अब्रू राखण्याचं कामही तिथे बायकांवरच टाकलेलं आहे, हे मला त्या मारापेक्षा जास्त भयंकर वाटतं.

आणि नंतर एका रात्री त्याच बायका रीला होडीतून तळ्यावर नेतात. बाप मेलाय, हे सिद्ध झालं तरच घर वाचणार. गार पाण्यात हात घालून तिला बापाच्या प्रेताचा हात धरायचाय आणि मेरॅब करवत चालवणार. एक हात कापून झाल्यावर री सोडून देते. मेरॅब तिला सांगते, दोन्ही लागतील. एका हाताने काय सिद्ध होणार? सुटण्यासाठी माणूस आपला एक हात तोडून टाकू शकतो.

री मोठी कधी होते, असं कुणी विचारलं तर मी या प्रसंगाकडे बोट दाखवणार नाही. ती आधीच मोठी आहे. भावंडांना बंदूक धरायला, खार मारून सोलायला ती कधीपासून शिकवतेय. शेजाऱ्यांकडे मांस मागूया का, असं भाऊ विचारतो तेव्हा, जे समोरच्याने आपणहून द्यायला हवं ते मागायचं नाही, असं ती त्याला बजावते. तिचं बालपण सिनेमा सुरू होण्याआधीच संपलंय. मधे सैन्यात भरती होऊन ४० हजार डॉलर मिळवायचं स्वप्न ती बघते. भरती करणारा अधिकारी तिला शांतपणे समजावतो, की तुझी गरज आत्ता घरात आहे. त्या खोलीतून ती निघते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थकवा दिसतो.

शेवटी जामीन एजंट रोख रकमेची एक पिशवी आणून देतो. जेसपला बाहेर काढायला कुणा अनामिकाने भरलेले ते पैसे. काका टिअरड्रॉप बापाचा बँजो हातात घेतो, थोडा वाजवतो आणि ठेवून देतो. आपला भाऊ जेसप कुणी मारला हे आता कळलंय, एवढंच रीला सांगून तो निघून जातो. पायरीवर बसलेली धाकटी तो बँजो उचलते आणि तारा छेडून बघते.